जावयाच्या स्टेशनातलं पाणी

माझे वडील माझ्या घरचं पाणी पीत नसत. त्यात भांडणतंटा काही नव्हता, आमच्याकडे रीतच तशी होती. लेक ज्या घरी दिली त्या घरी तिला मूल होईपर्यंत बापानं अन्नपाणी घ्यायचं नाही. नातवंडाचं तोंड पाहिलं की मग खुशाल पाटावर बसावं. बहुतेक बापांची ही अडचण वर्ष-दोन वर्षांत सुटायची. माझ्या लग्नाला त्या साली आठवं वर्ष लागलं होतं आणि आमचे आबा अजून कोरडेच होते.

सासूबाई स्वभावानं वाईट नव्हत्या. पण आबा येऊन गेले की त्या हमखास म्हणायच्या, "व्याही आले, ओट्यावर बसले, गेले. आमच्या चुलीची चव काही त्यांना कळायची नाही." यात टोमणा किती आणि हळहळ किती, याचा विचार मी सोडून दिला होता. मला मूल हवं होतं, हे उघडच आहे. नवस झाले, वैद्य झाले, एक दोनदा धुळ्याच्या डॉक्टरीणबाईही झाल्या. पण त्या जोडीनं माझी एक लहानशी इच्छा होती आणि तिला कुठल्या देवाची गरज नव्हती. आबांनी एकदा माझ्या हातचं पाणी प्यावं, एवढंच. ही गोष्ट फक्त एका म्हाताऱ्याच्या हातात होती, म्हणून मला ती सोपी वाटायची. मी आबांना पुरतं ओळखत नव्हते असं म्हणावं लागेल.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायला अजून दोनेक वर्षं असतील. आमचे हे चाळीसगाव स्टेशनात तारबाबू होते. रेल्वेच्या चाळीत आम्हाला दोन खोल्या होत्या. फलाटाच्या टोकाला एका कडुनिंबाखाली बाक होतं, तिथं बसलं की रुळांपलीकडे आमचं दार समोर दिसायचं. दारात कोण उभं आहे हेही कळायचं. माझं माहेर धुळ्याच्या फाट्यावर, म्हणजे मुंबई-भुसावळ लाइनीवरून येणाऱ्याला चाळीसगावी उतरून धुळ्याच्या गाडीत बसल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

आबांचं कार्ड आलं की, जळगावला एका नातलगाच्या घरी लग्न आहे, ते आटोपून आखाजीच्या आदल्या दिवशी चाळीसगावी गाडी बदलीन, जमलं तर ठेसनावर येऊन भेट. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. दुसरीकडच्या लेकी दिवाळीला माहेरी जातात, आमच्या खानदेशातल्या आखाजीला जातात. झाडाला झोके बांधायचे, गाणी म्हणायची, सांजोऱ्या खायच्या आणि चार दिवस कामाला हात लावायचा नाही. त्या वर्षी सासूबाईंचा हात मोडून गळ्यात अडकवलेला होता, म्हणून माझं जाणं रहित झालं होतं. स्टेशनात बापाची दहा मिनिटं भेट, तीच माझी आखाजी असं मी स्वतःला समजावलं.

दहा मिनिटं धरली होती खरी, पण झाले सात तास. आबा रात्रीच्या गाडीनं निघून पहाटेची धुळ्याची गाडी पकडणार होते. लग्नघरच्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. लेकीच्या घरी पाण्याला न शिवणारा माणूस लोकांच्या लेकीच्या लग्नात जेवणापायी अडकला आणि सकाळी नऊला चाळीसगावी उतरला. धुळ्याची गाडी तोवर निघून गेली होती. पुढची चारनंतर.

मी रूळ ओलांडून गेले तेव्हा ते बाकावर बसून आपल्या फिरकीच्या तांब्याचं झाकण उघडत होते. पाचोऱ्याला त्यांनी तो काठोकाठ भरून घेतला होता, पण डब्यात कुणाचं लेकरू तहानेनं रडायला लागलं आणि अर्ध्याहून जास्त पाणी तिकडे गेलं. उरलेलं त्यांनी माझ्यासमोर संपवलं आणि तांब्या उपडा करून झटकला. मी सोबत भाकरी, कैरीचं लोणचं, सांजोऱ्या आणि झाकलेल्या तांब्यात पाणी आणलं होतं. ते मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं. त्याकडे त्यांनी पाहिलं आणि मला विचारलं, "सासूना हात कसा शे?"

थोड्या वेळानं हे आले. टोपी सारखी केली, वाकून नमस्कार केला, प्रवास बरा झाला ना, असं विचारलं. पाणी विचारलं नाही. विचारलं म्हणजे सासऱ्याला नको म्हणावं लागणार, आणि सासऱ्याला तशी वेळ आणणं हा जावयाचा उद्धटपणा झाला असता. मग दोघेही सिग्नलकडे पाहत उभे राहिले. आत तार कडकडायला लागली तसे हे सुटलो म्हणून निघून गेले.

वेळ घालवायचा म्हणजे काय, हे शेतकरी माणसाला कळत नाही. आबांनी आधी फलाटाची लांबी पावलांनी मोजली. मग पार्सलच्या तराजूवर आंब्याच्या टोपल्या चढत होत्या त्या पाहिल्या आणि काटा सरळ आहे असा निर्वाळा दिला. मालगाडी आली तेव्हा डबे मोजले, मी मोजले ते एकानं कमी भरले, त्यावरून आमचं थोडं वाजलं. एवढं करून अकराच वाजले होते. वैशाखातलं चाळीसगाव. रुळांवरून हवा थरथरत होती आणि निंबाची सावली सरकत सरकत आमच्या पायांशी आली होती.

मी म्हटलं, चाळीत चला, निदान सावलीला पडा. ते नको म्हणाले. घरात जाऊन पाणी न पिणं हे घरच्यांच्या तोंडावर बरं दिसत नाही, स्टेशनात कुणी पाहत नाही. मी म्हटलं, ठीक, मग स्टेशनातलं पाणी घ्या. इथं मला वाटलं की मी त्यांना पकडलं. कारण आमच्याकडे कडक रीतीचे लोक लेकीच्या गावाच्या शिवेत कुठंच पाणी घेत नसत, पण स्टेशनाला शिवेतून सूट असायची. रेल्वेची जागा कुठल्याच गावाची नाही, असं ठरवून कितीतरी बाप फलाटावरच्या पाण्यावर लेकींना भेटून जात.

"बाकीनासनं ठीक शे," आबा म्हणाले. "त्यासना जवाई ठेसनवर नोकरीले नहीत."

मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी समजावून सांगितलं. जावई ज्याचा पगार खातो त्याचं पाणी ते जावयाचंच पाणी. हे स्टेशन जावयाचं. तेव्हा इथला नळ काय आणि माझ्या घरचा माठ काय, एकच.

"पाचोरानं पानी बी रेल्वेनंच व्हतं ना, आबा?"

"तठे तुना नवरा नोकरीले नही."

पाणीवाला बादली आणि लांब दांड्याचा डाव घेऊन "हिंदू पाणी, हिंदू पाणी" करत गेला. त्याच्या मागून दुसरा "मुस्लिम पाणी" करत गेला. त्या काळी स्टेशनात पाण्यालाही धर्म असायचा. मी चिडून म्हटलं, मग ते घ्या, त्यात तरी जावई नाही. मला वाटलं, आता खवळतील. पण आबांनी त्यावर खरोखर विचार केला, अगदी कपाळाला आठ्या घालून, आणि मान हलवली. "तेबी याच ठेसननं शे ना."

तर असं होतं. गाव आंडेरचं, म्हणजे लेकीचं, आणि स्टेशन जावयाचं. पन्नास मैलांतला सगळ्यात मोठा पाण्याचा साठा त्या स्टेशनात होता, आणि त्या सगळ्याला माझ्या नवऱ्याचं नाव लागलं होतं. ही चूक कायद्याच्या पुस्तकात सापडायची नाही. ती करायला आबांसारखा सरळ माणूसच लागतो. बारा वाजता एक मेल आली, तिच्या इंजिनानं आमच्या डोळ्यांदेखत पाण्याच्या लोखंडी सोंडेतून घळाघळा पाणी घेतलं, सांडलं, वाहून घालवलं. आबा ते पाहत राहिले. एकदा त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. इंजिनाला कुणाच्या लेकीशी देणंघेणं नव्हतं.

मेलमधून उतरलेल्या बायाबापड्यांच्या हातांत नव्या कोऱ्या घागरी होत्या. आखाजीला आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर भरतात, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवतात, नैवेद्य दाखवतात. त्या घागरी पाहून माझ्या तोंडून निघून गेलं, "सकाय तुमी घागर भरशात. मरेलसले पानी देशात. आनि जित्ता मानूसनी तान कोन दखी?"

"मरेलसनी रीत वेगयी शे," आबा शांतपणे म्हणाले.

मला राग येतो तेव्हा मी ओरडत नाही. माझा राग थंड असतो आणि टिकतो. मी त्यांना सांगितलं की, मग मीही पिणार नाही. सकाळी उठल्यापासून कामाच्या गडबडीत मी एक चहाचा घोट सोडला तर काही घेतलं नव्हतं, ते त्यांना सांगितलं नाही. ते म्हणाले, हा पोरकटपणा आहे. मी म्हटलं, असेल. मला सव्विसावं लागलेलं होतं, पण बापासमोर बसून हट्ट करायला वयाची आडकाठी नसते.

मग आम्ही वाघ-बकरी खेळलो. बाकासमोरच्या फरशीवर मी कोळशानं पट आखला, बकऱ्यांना खडी घेतली, वाघांना कोळशाचे तुकडे. लहानपणी आखाजीच्या दुपारी ओट्यावर आम्ही हेच करायचो आणि आबा मला जिंकू द्यायचे. आता ते जिंकू देत नव्हते. एक डाव, दुसरा डाव, तिसरा. बोलणं जवळपास बंदच होतं, कारण तोंड कोरडं पडलं की बोलणं चिकटतं. दर डावानंतर ते आपला रिकामा तांब्या उचलून पाहायचे, हे मला दिसत होतं. ते मला दिसतंय, हे त्यांनाही दिसत होतं. पलीकडे आमच्या दारात सासूबाई गळ्यातला हात सांभाळत येऊन उभ्या राहायच्या, दुसऱ्या हाताची सावली डोळ्यांवर धरायच्या, आमच्याकडे पाहायच्या आणि आत जायच्या. असं तीनदा झालं.

मधे हे एकदा येऊन गेले. पट पाहिला, झाकलेला तांब्या पाहिला, सगळं समजले. "अगं, तू तरी पी," मला हळूच म्हणाले. मी मान हलवली. तारबाबूंनी दोन हट्टी खानदेशींमधे पडू नये एवढं शहाणपण त्यांच्यात होतं.

तीन वाजायच्या सुमाराला एक खडा घरंगळत बाकाखाली गेला. तो काढायला मी वाकले आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली. पडले नाही. बाकाची कड धरून खाली बसले एवढंच. कान गच्च झाले होते आणि पटावरच्या बकऱ्या इकडून तिकडे जात असल्याचा भास होत होता. आबा "काय व्हयनं, काय व्हयनं" म्हणत उठले. त्यांनी माझ्या तांब्यावरची वाटी काढली आणि वाटीत पाणी ओतून माझ्या तोंडाशी आणलं.

मी ओठ मिटून घेतले. खरं सांगते, तेव्हा मी मरते की काय असंही मला वाटत होतं, आणि तरी मी ओठ मिटून घेतले.

आबा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी वाटीतलं पाणी परत तांब्यात ओतलं, तांब्या दोन्ही हातांनी वर उचलला आणि तोंड न लावता, वरून, प्यायला लागले. गळ्याची घाटी वरखाली होत होती. पाणी मिशांतून सदऱ्यावर गळत होतं. अर्धा तांब्या त्यांनी एका दमात संपवला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं आणि तांब्या माझ्या हातात दिला.

"आते तू पी."

मी प्याले. तसं पाणी मी पुन्हा कधी प्याले नाही. आणि मग मला हसूच यायला लागलं. आठ वर्षं देवांना जे जमलं नाही ते मी एका दुपारात केलं होतं. मी फडकं सोडलं, भाकरीवर लोणचं ठेवून दिलं. त्यांनी खाल्लं. सांजोरी दिली, तीही खाल्ली, दुसरी मागून घेतली, आणि सांजोऱ्या बऱ्या झाल्यात, तुझ्या आईपेक्षा खुसखुशीत आहेत असं म्हणाले. मी रूळ ओलांडून पळत घरी गेले, सासूबाईंना म्हटलं, "आबा जेवले." त्या म्हणाल्या, "पाहिलं मी." त्यांचे डोळे भरले होते. एका हातानं त्यांनी माठातलं पाणी काढून दिलं आणि वर वाटीभर आमरस दिला. तो नेला, तोही आबांनी चाटून पुसून संपवला. हे तारऑफिसच्या खिडकीतून पाहत होते. मी त्यांना हात केला, भर स्टेशनात, सगळ्यांदेखत. त्या काळी बायका असं करत नसत.

धुळ्याची गाडी लागली. आबा खिडकीशी बसले. चेहऱ्यावर तरतरी आली होती, डब्यातल्या माणसांशी पाऊसपाण्याच्या गोष्टीही सुरू झाल्या होत्या. मी खिडकीच्या गजाला धरून उभी होते. त्यांचा फिरकीचा तांब्या मी स्टेशनातल्या नळावर भरून आणला होता, तो त्यांनी घेऊन मांडीशी ठेवला. मी म्हटलं, "पुढला बारले ठेसनवर नका बसू. घरच या. जेवालेच या."

"इसू, माय," आबा म्हणाले. गजातून हात काढून त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवला. "आते कसानी वाट दखनी?"

गाडी हलली. मी चार पावलं बरोबर चालले, हसत हसत. गाडी यार्डाबाहेर वळली तेव्हाही मी हसतच असेन. मग ते वाक्य माझ्यापाशी पोचलं.

आता कसली वाट पाहायची. आठ वर्षं तो माणूस माझ्या दारात तहानलेला बसून राहिला, कारण त्याच्या लेकीला मूल होणार होतं. आज नाही तर पुढच्या साली, पण होणार होतं. सासूबाईंनी आशा सोडली होती, ह्यांनी कधीच बोलून दाखवलं नाही पण सोडली होती, माझी मी धरत होते आणि सोडत होते. एकटे आबा दरवर्षी पाणी नाकारून सांगत होते की, अजून वेळ गेलेली नाही. आणि मी त्यांच्या मागे लागून, उपाशी राहून, चक्कर येईपर्यंत ताणून त्यांना ते सोडायला लावलं. ते माझ्यासाठी प्याले हे खरं. पण पिताना त्यांनी मनाशी काय मिटवून टाकलं होतं, ते मला त्या रिकाम्या फलाटावर कळलं. मला रडू आलं. आवाज न करता बाकावर बसून मी रडले, आणि मग पट पायानं पुसून घरी गेले, कारण संध्याकाळचा स्वयंपाक व्हायचा होता.

आबांचा अंदाज बरोबर निघाला, हे आता सांगायला हरकत नाही. मला मूल झालं नाही.

ते मात्र शब्दाला जागले. पुढे नऊ-दहा वर्षं, जाता-येता, ते थेट घरी यायचे. पाटावर बसायचे. सासूबाईंशी चेष्टा करायचे, जावयाला आग्रहानं पानात वाढून घ्यायला लावायचे, रस दोनदा मागायचे. सगळं घर खूश असायचं. मी वाढायला उभी राहायचे, आणि दर वेळी तांब्या त्यांच्यापुढे ठेवताना मला वाटायचं, आज तरी त्यांनी नको म्हणावं.